तबकडी, फीत आणि एका बिटाचा स्वर

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हे आपल्या प्रदेशातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली आणि पाऊस ऐन भरात असताना सिल्वासा, असा तो क्रम होता. या मोहिमेत सुधीर फडके हे एक संगीतकार होते, आणि तिला लागणारा पैसा उभा करण्यासाठी लता मंगेशकर यांनी त्याच वर्षी पुण्यात गायनाचा कार्यक्रम केला होता, ही गोष्ट मात्र उत्सवाच्या भाषणांत ओझरती येते आणि विरून जाते. मला ती ओझरती वाटत नाही. बंदुकीच्या खर्चाला गाण्याने हातभार लावल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात फार नाहीत.

फडके हे मैफलीपेक्षा ध्वनिमुद्रणाच्या कक्षात घडलेले कलावंत होते. १९४१ साली ते एच.एम.व्ही. कंपनीत संगीतकार म्हणून आले, आणि गाणे तीन-सव्वातीन मिनिटांत कसे बसवावे, याचे शिक्षण त्यांना तबकडीनेच दिले. सिल्वासाहून परतल्यावर वर्षही पुरे झाले नव्हते, तोच १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत फडक्यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत. त्या वर्षी अधिक मास आला, म्हणून गीतांची संख्या छप्पन्नावर गेली. आज बहुतेक घरांत ही गीते एकट्या फडक्यांच्या आवाजात ऐकली जातात. परंतु मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, मालती पांडे, राम फाटक असे अनेक गळे होते. म्हणजे एकाच संहितेच्या दोन परंपरा झाल्या. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रकार ओळखीचा आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत लेखकूंच्या हातून शिरलेले पाठभेद पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथाचे शुद्धीकरण केले. स्वराच्या प्रतींचेही असेच काही होते का, आणि होत असल्यास त्यांचा एकनाथ कोण, हा आजच्या निबंधाचा विषय आहे.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ सालचा. फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाण्याच्या शेवटी त्या आपले नाव उच्चारीत, कारण तबकडी कोणाची हे ओळखण्याची ती सोय होती. त्या काळी कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. विद्युत् ध्वनिग्राहक आले ते १९२५ नंतर. या कर्ण्यापासून काहीजण दूर राहिले. अल्लादियाखाँसाहेबांचे मुद्रण नाही, भास्करबुवा बखल्यांचे नाही. बखले १९२२ साली गेले, खाँसाहेब १९४६ साली. दोघांची गायकी आपल्याला शिष्यांच्या गळ्यांतून अनुमानाने जाणावी लागते. मूळ पोथी हरवली आणि टीका तेवढी उरली, अशी ही अवस्था आहे.

तबकडीनंतर चुंबकीय फीत आली आणि तिच्याबरोबर लेखकूंचा दोषही आला. फितीवरून फीत उतरवली की प्रत्येक वेळी थोडा खरखराट वाढतो. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या प्रतीत तंबोरा कोठे संपतो आणि खरखर कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. फितीवरचा लेपही कालांतराने सुटतो. शिवाय, वाजविणारे यंत्र मिळेनासे झाले की उत्तम फीतही मुकीच.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने या दोषावर उपाय दिला. तिच्यात स्वर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजला जातो, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवले जाते. प्रत म्हणजे केवळ आकड्यांची नक्कल. ती शंभरदा केली तरी पाठभेद होत नाही. यालाच पीसीएम पद्धती म्हणतात. परंतु मापनाची याहून निराळी एक रीत जपानमध्ये आधीच सिद्ध झाली होती. इनोसे आणि यासुदा या अभ्यासकांनी १९६२ साली तिचे विवेचन केले. या रीतीत पायऱ्या नाहीत. यंत्र दर क्षणी एवढेच सांगते की स्वराची रेषा वर जावी की खाली, ‘एक’ की ‘शून्य’. मात्र हे ते सेकंदाला २८,२२,४०० वेळा सांगते. जेथे लहर उंच, तेथे ‘एक’ दाट पडतात. जेथे खोल, तेथे विरळ. या ठोकळ मापनातून उपजणारा गोंगाट कानाला ऐकू येणाऱ्या मर्यादेच्या, म्हणजे सुमारे २०,००० कंपनांच्या, पलीकडे ढकलून दिला जातो. सोनी कंपनीने ही रीत आपल्या जुन्या फितींचा साठा जपण्यासाठी हाती घेतली, तिला डीएसडी हे नाव मिळाले, आणि १९९९ साली फिलिप्सच्या साहाय्याने तिची सुपर ऑडिओ सीडी निघाली. फिती वाचवण्यासाठी काढलेली युक्ती पुढे चैनीच्या श्रवणाची वस्तू म्हणून विकली गेली, याची मला गंमत वाटते.

ती चकती संगणकाला वाचता येत नसे. कंपन्यांनी तिला कुलूपच घातले होते. पुढे डीएसएफ आणि डीएफएफ या स्वरूपांतील फायली मिळू लागल्या, तेव्हा त्या संगणकातून वाजवण्याचा प्रश्न उभा राहिला. एका माजी विद्यार्थ्याने ही सर्व जोडणी माझ्या टेबलावर मांडून दाखवली: संगणक, यूएसबीची तार, आणि आकड्यांचे पुन्हा विद्युत्‌लहरीत रूपांतर करणारी ‘डॅक’ नावाची पेटी. अडचण अशी की संगणकाची ध्वनिव्यवस्था पीसीएमचीच भाषा जाणते. म्हणून २०१२ च्या सुमारास एक तोड निघाली, तिचे नाव ‘डीओपी’. चोवीस बिटांच्या प्रत्येक पीसीएम पाकिटात सोळा बिट डीएसडीचे भरायचे आणि उरलेल्या आठांत एक ठरीव खूण लिहायची. अशी १,७६,४०० पाकिटे सेकंदाला गेली की हिशेब बरोबर २८,२२,४०० वर येतो. डॅक खूण ओळखते, पाकीट फोडते आणि आतला माल मूळ रूपात वाजवते. पण वाटेत कोणी पाकिटाला हात लावता कामा नये. संगणकाच्या पडद्यावरील आवाजाची पट्टी किंचित खाली ओढली तरी खूण पुसली जाते आणि गाण्याच्या जागी नुसती सरसर ऐकू येते. तेव्हा ती पट्टी पूर्ण वर ठेवावी, इतर ध्वनी मिसळणारी व्यवस्था टाळून वादनाचा कार्यक्रम थेट डॅकशी जोडावा, आणि आवाज कमी-जास्त करायचा तो डॅक किंवा वर्धकावर करावा. एवढे पथ्य पाळले की यंत्रणा निमूट चालते. मोडीचे दप्तर शाबूत आहे पण वाचणारा नाही, ही व्यथा ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या खुणेचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता निर्णयाकडे येतो, कारण माझ्यापुढे तो खरोखरच होता. या परिसरातील वारली लग्नांत धवलेरी जी गाणी म्हणतात त्यांच्या, आणि तारप्याच्या, काही कॅसेटी माझ्याजवळ आहेत. त्या गाणाऱ्या वृद्धांपैकी आता कोणी हयात नाही. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांचा तो तारपा; वादक श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाच त्याच्याभोवती फिरतो. या कॅसेटी डीएसडीत उतरवाव्यात असा विद्यार्थ्याचा आग्रह होता. श्रवणाच्या दृष्टीने त्याचे म्हणणे मला नाकारता येत नाही. त्या पेटीतून ऐकलेला तंबोरा मला फार जवळचा वाटला. परंतु जवळचा वाटणे हा पुरावा नव्हे. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेयर आणि मोरान यांनी श्रोत्यांना सुपर ऑडिओ सीडीसारखे उच्च दर्जाचे मुद्रण आणि तेच सीडीच्या मापातून गाळलेले, असे दोन्ही न सांगता ऐकवले. ५५४ चाचण्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवल्याइतकीच.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. एका बिटाच्या प्रवाहात नुसता आवाज वाढवायचा किंवा खरखर कमी करायची म्हटले तरी त्याला आधी अनेक बिटांच्या मापात आणावे लागते. तासाभराच्या द्विध्वनी मुद्रणाला सुमारे अडीच गिगाबाइट जागा लागते, सीडीच्या चौपट. पण आता जागा स्वस्त आहे, तेव्हा तो आक्षेप लंगडा. खरा आक्षेप वाचकाचा आहे. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना साध्या पीसीएमचीच शिफारस करते, किमान ४८,००० मापे आणि चोवीस बिट, कारण हे स्वरूप जगातला कोणताही संगणक तोड न काढता उघडतो. कॅसेटीच्या मुळातच मर्यादित असलेल्या स्वरासाठी याहून अधिक खोल भांडे घेतले तर त्यात भरणार ती फितीचीच खरखर.

म्हणून कॅसेटी ९६,००० मापे आणि चोवीस बिट या प्रमाणात उतरवण्याचे ठरले. पुढचे काम यंत्राचे नाही. कॅसेटच्या कागदी खोक्यावर पेन्सिलीने लिहिलेली गावांची नावे पुसट झाली आहेत. कोणती धवलेरी कोणत्या पाड्यावरची, कोणते गाणे हळदीचे आणि कोणते मांडवाचे, हे सांगू शकतील अशी माणसे खानवेल आणि दुधनीच्या बाजूला अजून आहेत. त्यांना या उतरवलेल्या प्रती ऐकवून प्रत्येक फायलीच्या नावाशेजारी गाव, पाडा आणि प्रसंग लिहून घेण्याचे काम या शाळेच्या नववी-दहावीच्या वारली मुलांकडे दिले आहे. आतापर्यंत सात कॅसेटी झाल्या; अकरा राहिल्या आहेत, आणि त्यांतील दोन फिती चिकटल्यामुळे अजून फिरत नाहीत.