रुमालाखालचा सौदा आणि अमेरिकेतली हॉटेलं

गुरांच्या बाजारातला रुमालाखालचा सौदा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती उभ्या असलेल्यांना काही पत्ता लागत नाही. दोन्हीकडची बोटं कळतात ती फक्त दलालाला. शेतमालाच्या बाजारात उघड लिलावाचा आग्रह धरला गेला, त्यामागे हेच कारण होतं.

अमेरिकेत 1998 साली हाच रुमाल इंटरनेटवर आला आणि लोकांनी त्याला ग्राहकाचं राज्य म्हटलं!

जे वॉकर नावाच्या माणसाची ही कल्पना, कंपनीचं नाव प्राइसलाइन. 'तुमचा भाव तुम्ही सांगा' ही तिची घोषणा. एप्रिल 1998 मध्ये विमानाच्या तिकिटांपासून सुरुवात झाली, त्याच वर्षी हॉटेलच्या खोल्या आल्या. या पद्धतीचं चक्क पेटंटही मिळालं. मार्च 1999 मध्ये शेअर 16 डॉलरला बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी 69 वर बंद झाला. 2000 संपताना तोच शेअर दोन डॉलरच्याही खाली होता.

मी 2006-07 च्या सुमारास कामानिमित्त तिकडे होतो. भत्त्यातले चार डॉलर वाचवायला धडपडणारी आम्ही मराठी पोरं, वीकएंडला याच खेळात असायचो. शहर निवडायचं, त्यातला विभाग निवडायचा, किती तारे हवेत ते सांगायचं आणि बोली टाकायची. क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. बोली लागली की पैसे तिथल्या तिथे कापले जाणार आणि मगच हॉटेलचं नाव कळणार. रद्द करता येत नाही, बदलता येत नाही, पलंग एक की दोन हेही हॉटेलच ठरवणार.

बोली फेटाळली गेली तर नुसता भाव वाढवून पुन्हा टाकता येत नसे. काहीतरी बदला, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. इथे आपल्या लोकांचं डोकं चालायचं. समजा चार तारे हवेत, तेही शहराच्या मध्यभागी. मग असा एखादा विभाग शोधायचा जिथे चार ताऱ्यांचं हॉटेलच नाही. तो यादीत जोडला की नियमाप्रमाणे 'बदल' झाला, पण तिथली खोली गळ्यात पडायची भीती नाही. असे तीन-चार विभाग सापडले की तीन-चार वेळा पाच-पाच डॉलरने वर सरकता येई. शंभरावर भाव असलेली खोली मी 55 ला घेतलीय. आनंद किती व्हायचा, काय सांगू!

आता हॉटेलवाला असं का करत होता? कारण आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. भाजीवाला निदान संध्याकाळी मेथीची जुडी पाच रुपयाला उघड ओरडून विकतो. मोठ्या हॉटेलला ते परवडत नाही, पूर्ण भाव देणारं नेहमीचं गिऱ्हाईक उद्या तोच भाव मागेल. म्हणून नाव झाकायचं. 2000 साली काही विमान कंपन्यांनी मिळून हॉटवायर काढली, तिथे बोलीही नव्हती. भाव दिसायचा, नाव झाकलेलं. हीच 'मिस्टरी डील'.

वॉकरच्या लोकांनी हा प्रकार किराणा आणि पेट्रोलवरही करून पाहिला. साबण काय उद्याही विकला जातो, कंपन्या सवलत कशाला देतील? फरक स्वतःच्या खिशातून भरता भरता ऑक्टोबर 2000 मध्ये ते दुकान बंद पडलं.

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मधली रक्कम. मी 55 ची बोली टाकली आणि हॉटेल 40 ला तयार असेल, तर वरचे 15 मधल्याचे. मला हॉटेलचा आकडा कळत नाही. पुढे शहरांच्या लक्षात आलं की यात आपलाही पैसा अडकलाय. हॉटेलच्या खोलीवरचा कर कशावर घ्यायचा, ग्राहकाने दिलेल्या रकमेवर की हॉटेलला मिळालेल्या? प्राइसलाइनसह या कंपन्या हॉटेलच्या रकमेवर कर भरत होत्या. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोने 173 नगरपालिकांच्या वतीने दावा लढवला. ज्युरीने 2009 मध्ये शहरांची बाजू मान्य केली, 2017 मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला. वर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांचा 22 लाखांहून जास्त डॉलर खर्चही शहराच्याच माथी कायम ठेवला. रस्ते, पाणी, कचरा यांसाठीचा पैसा होता तो.

बोलीचा खेळ मात्र कंपनीनेच आवरता घेतला. स्टार ट्रेकचा कॅप्टन कर्क, विल्यम शॅटनर, वर्षानुवर्षं तिचा जाहिरातवाला होता. 2012 मध्ये जाहिरातीतच त्याची बस पुलावरून खाली पाडली, कारण कंपनीला आता ठरलेल्या भावाची विक्री वाढवायची होती. 2016 मध्ये विमानाची बोली बंद झाली, नंतर गाड्यांची आणि हॉटेलांचीही. खरा पैसा दुसरीकडेच होता. 2005 मध्ये ॲमस्टरडॅमची एक कंपनी त्यांनी सुमारे 13 कोटी डॉलरला घेतली, तीच आजची बुकिंग डॉट कॉम. अगोदाही त्यांचंच. म्हणजे आपण अलिबाग-महाबळेश्वरची खोली तिथे शोधतो तेव्हा याच घराण्याच्या दुकानात असतो.

नाव झाकलेल्या डील अजून मिळतात, आणि तारीख पक्की असेल तर स्वस्तही पडतात. मे 2025 पासून अमेरिकेत हॉटेलच्या भावात सक्तीचे सगळे आकार धरूनच रक्कम दाखवावी लागते, रिसॉर्ट फी मागाहून चिकटवता येत नाही. त्या रकमेतले हॉटेलला किती आणि मधल्याला किती, हे सांगायचं बंधन त्या नियमातही नाही.