अंगण, ओटी, उंबरठा : खडवली परिसरातील घराच्या दर्शनी भागाचा सामाजिक इतिहास

मराठी मुलुखातील वास्तूंचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी प्रथम लेण्यांकडे, देवळांकडे, किल्ल्यांकडे व सरदारांच्या वाड्यांकडे वळते, हे स्वाभाविकच आहे. या वास्तू टिकाऊ द्रव्यांच्या आहेत, त्यांपैकी काहींवर शिलालेख आहेत, काहींच्या बांधणीचे कागद दप्तरांत सापडतात. कुणब्याच्या वा आगऱ्याच्या घराला यांपैकी कशाचाच आधार नसतो. त्यामुळे अशा घराच्या दर्शनी भागाचा विचार झालाच तर तो 'शोभा' या एका शब्दात आटोपला जातो. परंतु अंगण, पायरी, ओटी व उंबरठा यांची रचना नीट तपासली, तर तिच्यामागे शोभेहून निराळा हेतू आढळतो. घराचे तोंड हे प्रथमतः पाहणाऱ्याला सुखविण्यासाठी नव्हे, तर येणाऱ्याने कोठवर यावे हे ठरविण्यासाठी घडलेले होते. अलंकरण त्या मर्यादेच्या रेषेवर चढले. हे विधान ठाणे जिल्ह्यातील खडवली व तिच्या आसपासच्या टापूपुरते तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

खडवली हे कल्याण तालुक्यातील गाव भातसा नदीच्या काठी असून लोहमार्गावर ते टिटवाळा व वासिंद यांच्या दरम्यान येते. एका अंगास कल्याणसारखे प्राचीन बंदर आणि दुसऱ्या अंगास शहापूर-मुरबाडकडील वनप्रदेश, अशा दोन जगांच्या मध्ये हा पट्टा आहे. कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी अशा अनेक समाजांची वस्ती त्यात आहे. येथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि भात हे मुख्य पीक आहे. या दोन गोष्टींनी घराचे तोंड घडविले. पाणी आत शिरू नये म्हणून जोते उंच घ्यावे लागे; जोते उंच झाले की पायऱ्या आल्या. भिंत भिजू नये म्हणून छप्पर पुढे ओढावे लागे. छप्पर पुढे आले की त्याखाली समोरून उघडी अशी ओटी तयार झाली. मुख्य छपराचाच उतार बाजूला वा पुढे वाढवून काढलेली ठेंगणी जागा ती पडवी. पावसाळ्यात या उघड्या बाजू गवताच्या वा झावळ्यांच्या झापांनी बंद करीत. पाऊस सरला की अंगण चोपून, सारवून त्याचेच खळे होई व तेथे भाताची झोडणी चाले. म्हणजे अंगण व ओटी ही मूळची श्रमाची ठिकाणे होती, मिरविण्याची नव्हेत.

अर्धे उघडे, अर्धे झाकलेले असे हे पुढील दालन या भूभागात फार जुने आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील अनेक विहारांपुढे खांबांची ओसरी, बसण्याचा दगडी बाक, चढून येण्यास पायऱ्या व बाजूस पाण्याचे टाके अशी मांडणी दिसते. तेथील शिलालेखांत या टाक्यास 'पोढी' म्हटले असून दात्यांमध्ये कल्याणच्या रहिवाशांचाही उल्लेख येतो. या साम्यावरून आजची ओटी विहाराच्या ओसरीतून उतरली, असा निष्कर्ष काढणे अर्थातच धाडसाचे होईल. एकाच हवामानात दोन निरनिराळ्या परंपरा सारख्या उत्तरापर्यंत पोहोचू शकतात, एवढेच त्यातून म्हणता येते. द्वाराच्या अलंकरणाबाबत मात्र जवळचा व निश्चित काळाचा पुरावा अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा, शिलाहार राजा माम्वाणीचा उल्लेख असलेला लेख तेथे आहे. सामान्यतः मंदिरांच्या दारांना कोरीव द्वारशाखा असतात आणि वरच्या आडव्या पट्टीच्या मध्यभागी, ललाटबिंबाच्या जागी, देवतेची प्रतिमा असते. पुढे वाड्यांच्या व घरांच्या चौकटीवर आलेली गणेशपट्टी हिच याच स्थानाची आठवण देते. अलंकरणासाठी भिंत न निवडता चौकट निवडावी, ही दृष्टी दोन्हीकडे समान आहे.

पेशवाईतील वाड्यांत ही दृष्टी अधिक स्पष्ट होते. वाड्याची बाहेरची भिंत बहुधा भक्कम व फारशा खिडक्या नसलेली असे. घराचे खरे तोंड आत, चौकाकडे वळलेले असे. बाहेरून पाहणाऱ्यास जे काही दिसे ते दरवाजातच एकवटलेले होते. मोठ्या दरवाजातच एक लहान दिंडी ठेवलेली असे व आत शिरताच दोन्ही बाजूंस पहारेकऱ्यांच्या देवड्या लागत. दिंडीतून जाणाऱ्यास वाकूनच जावे लागे, ही गोष्ट केवळ संरक्षणाच्या दृष्टीने पाहून भागत नाही. इ. स. १७३२ मध्ये वास्तुशांती झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे आजही पाहावयास मिळतात, इ. स. १८२८ च्या आगीत आतील प्रासाद नष्ट झाला, पण तट व दरवाजा उरला. याउलट दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, इ. स. १८०७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या विश्रामबागवाड्याचे कोरीव लाकडी सज्जाचे तोंड रस्त्याकडे वळलेले आहे. अडविणारा दर्शनी भाग आणि दाखविणारा दर्शनी भाग यांतील स्थित्यंतर या दोन वाड्यांच्या तुलनेत दिसून येते. कल्याणातही पेशवाईतील सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांच्या काळाची आठवण सुभेदार वाडा या नावाने राहिली आहे. दिंडीचे व देवडीचे जग खडवलीसारख्या गावांपासून फार दूर नव्हते.

गावातील घराला देवडी नव्हती. तिचे काम अंगण, पायरी, ओटी व माजघर या क्रमाने होत असे. कोणी अंगणात उभे राहून हाक घालावी, कोणी पायरीवर बसावे, कोणास ओटीवर घोंगडी अंथरून मिळावी, कोणी माजघरापर्यंत यावे, याचे अलिखित नियम जातीवर, नात्यावर, वयावर व देण्याघेण्यावर ठरलेले होते. त्यांचा लेखी पुरावा अल्प आहे. परंतु भाषेने तो जपून ठेवला आहे. 'पायरी ओळखून वागणे', 'उंबरठे झिजविणे', 'दारात उभे न करणे' हे वाक्प्रचार, तसेच ओसरी मिळताच हातपाय पसरणाऱ्याची म्हण, यांतून घराची रचना हीच समाजाची रचना म्हणून वापरली गेल्याचे दिसते. 'पायरी' या शब्दास योग्यता वा दर्जा हा अर्थ प्राप्त झाला, तो अशा समाजात सहज समजण्याजोगा आहे. ज्यांना अस्पृश्य मानले गेले त्यांच्यासाठी तर पायरीसुद्धा नव्हती. अंगणाची कड हीच त्यांची सीमा होती. घराच्या सुबक दर्शनी भागाचे वर्णन करताना या सीमेचा उल्लेख टाळणे म्हणजे अर्धाच इतिहास सांगणे होय.

ओटीला आर्थिक सत्तेचेही अंग होते. सावकार व जमीनदार यांची वही ओटीवरच उघडे, आणि कूळ अंगणात उभे राही. ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील उंबरगाव व डहाणू या तालुक्यांत इ. स. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याचे चित्रण गोदावरी परुळेकर यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या इ. स. १९७० मधील ग्रंथात आहे. तो लढा मजुरीचा व मुक्ततेचा होता. पण धन्याच्या दारी विनामोबदला राबण्याचे नाकारणे म्हणजे त्या दाराचा अधिकार नाकारणेही होते. पुढे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ व त्यातील इ. स. १९५६ ची दुरुस्ती यांमुळे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि ओटी व अंगण यांमधील जुन्या नात्याचा कायदेशीर पाया ढासळला. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ याने पाणवठे, देवळे, दुकाने व उपाहारगृहे खुली केली. खाजगी घराची ओटी मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिली. तेथील बदल कायद्यापेक्षा शाळा, रेल्वेचा डबा व कारखाना यांच्या मार्गाने, आणि म्हणूनच अधिक सावकाश, झाला.

आता अलंकरणाविषयी. ग्रामीण घराची शोभा मुख्यतः स्त्रियांच्या हातची व नाशवंत होती. शेणाचे सारवण, त्यावरील रांगोळी, चौकटीवरील हळदकुंकू, सणाचे आंब्याच्या पानांचे तोरण, कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दारास बांधून होणारे 'नवे', अंगणातील तुळशीवृंदावन व कार्तिकातील तुळशीचे लग्न : या सर्वांचे स्थान पाहिले तर ते मर्यादेवरच येते. उंबरठा ही आत-बाहेरची रेषा असल्यामुळेच ती रोज पुन्हा आखावी लागे. कोरलेली गणेशपट्टी दोनशे वर्षे टिकते आणि इतिहासात येते. सारवण आठवड्यात उखडते आणि इतिहासातून निसटते. वास्तूच्या इतिहासात सुतार व गवंडी दिसतात, पण घराचे तोंड नित्य नवे ठेवणारी स्त्री दिसत नाही, याचे कारण साधनांच्या स्वरूपात आहे, कार्याच्या महत्त्वात नव्हे. वारली घरांची परंपरा येथे तुलनेस उपयोगी पडते. लग्नप्रसंगी सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, तो घराच्या आतील भिंतीवर असतो. सर्वांत पवित्र चित्र आत व मर्यादेचे चिन्ह दारी, असे दोन भिन्न दृष्टिकोन एकाच जिल्ह्यात शेजारी नांदले.

या व्यवस्थेस पहिला मोठा धक्का लोहमार्गाने दिला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत, १ ऑक्टोबर १८५५ रोजी वासिंदपर्यंत व १ जानेवारी १८६१ रोजी कसाऱ्यापर्यंत पोहोचली. लोहमार्गाबरोबर माल आला, आणि मुंबईत नोकरी करून गावी घर सुधारणारा नवा मालकही आला. बासेल मिशनने इ. स. १८६५ मध्ये मंगळूर येथे काढलेल्या कारखान्यापासून प्रसार पावलेली सपाट कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र गेली आणि कुंभारी नळीच्या कौलांची व गवती छपराची जागा हळूहळू घेत गेली. कारवीच्या कुडाऐवजी विटांची भिंत, शेणाच्या जमिनीऐवजी फरशी, झापांऐवजी लाकडी वा लोखंडी जाळी आली. जाळी बसली तेव्हा ओटी ही खोली झाली. अंगणात बसणारा आता दाराबाहेर बसू लागला. मर्यादा नाहीशी झाली नाही, ती फक्त पुढे सरकली.

या बदलाची एक बाजू विशेष विचारात घेण्यासारखी आहे. कल्याण, भिवंडी व शहापूर या भागांत नदीकाठच्या मातीवर वीटभट्ट्या चालत आल्या आणि त्यांवर राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबे मोठ्या प्रमाणावर राहिली. उचल घेऊन हंगामभर भट्टीवर राहण्याची ही पद्धत वेठीच्या जवळ जाणारी होती. बंधबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नंतरही ती सर्वत्र थांबली नाही. ज्यांच्या हातांनी परिसरातील घरांची नवी तोंडे पक्क्या विटांची झाली, त्यांचे स्वतःचे झोपडे हंगाम संपताच मोडावयाचे असे. त्याला जोते नव्हते, म्हणून पायरी नव्हती आणि ओटीही नव्हती. दर्शनी भाग असणे हीच एक मालमत्ता आहे, ही गोष्ट येथे उघड होते.

शेवटचा टप्पा सदनिकांचा. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीचा अधिनियम, १९६३ व महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० यांनी घराची जी नवी कल्पना रूढ केली, तीत बाहेरची भिंत, जिना व प्रवेशद्वार सामाईक झाले. इ. स. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीत बहुमजली वस्ती वाढली आणि कुटुंबाच्या स्वाधीन असा दर्शनी भाग केवळ दाराच्या चौकटीएवढा उरला. त्या तीन-साडेतीन फुटांत नामपाटी, तोरण, गणपतीची प्रतिमा, उंबरठ्यावरील छापील रांगोळी व चपलांची घडवंची इतके सर्व सामावले. अंगण व ओटी गेली, पण त्यांवरील चिन्हे चौकटीवर गोळा झाली, हे सातत्य लक्षणीय आहे.

वरील विवेचनावरून असे म्हणण्यास हरकत नाही की, खडवली परिसरातील घराचा दर्शनी भाग हा सौंदर्यदृष्टीचा पुरावा आहेच, परंतु त्याआधी तो माणसामाणसांतील अंतराचा पुरावा आहे. ओटी पाहुण्याला सावली देत होती आणि काहींना ती नाकारतही होती. या दोन्ही गोष्टी एकाच जोत्यावर उभ्या होत्या. जुनी घरे पाडली जात असताना त्यांची छायाचित्रे पुष्कळ घेतली जातात. त्यांबरोबरच जोत्याची उंची, पायऱ्यांची संख्या, ओटीची रुंदी, आणि कोण कोठे बसे याविषयी घरातील वृद्ध स्त्रियांचे व अंगणाबाहेर उभ्या राहिलेल्यांचे कथन यांच्या नोंदी होणे अगत्याचे आहे. घराची नवी प्रवेशद्वारे आखणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होईल. कारण जुन्या ओटीचे खांब व झोपाळा यांचे अनुकरण सोपे आहे, तिच्यावर कोणाला बसू द्यावयाचे हा प्रश्न मात्र दर पिढीला नव्याने सोडवावा लागतो.