मोजणारीला कोणी मोजलं?

आज आपण एका मोजणीचा इतिहास बघणार आहोत. कोरोना गावात किती शिरला, कोणाकोणाला होऊन गेला आणि हे आपल्याला कळलं तरी कसं, याचा हा इतिहास. जानेफळचं प्राथमिक आरोग्य केंद्र घ्या नाहीतर राज्यातलं दुसरं कुठलंही, तिथून मेहकरला, बुलडाण्याला आणि पुढे मुंबईला गेलेला खेड्यांचा आकडा बहुतेक वेळा सुरू झाला तो आशाताईच्या वहीतून. त्या वहीत गावातली सगळी घरं होती. ती वही लिहिणारीचं नाव मात्र कुठल्या यादीत होतं, हा आजचा प्रश्न आहे.

साथीत रोगी शोधणं ही काही नवी गोष्ट नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये तो पुण्यात पसरला. सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरात शिरून प्लेगचे रोगी शोधू लागले. सामान बाहेर फेकलं, बायाबापड्यांची तपासणी परक्या पुरुषांनी केली. लोकांनी काय केलं? रोगी लपवले. गाठ आलेलं माणूस माळ्यावर, कोठीत, नातेवाइकाच्या गावी. शिपायाला भिऊन लपवलेला रोगी मोजलाच गेला नाही.

त्याच पुण्याजवळ, हडपसरच्या ससाणे मळ्यात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉक्टर यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना थाटला होता. तिथे सावित्रीबाई स्वतः रोगी आणत, त्यांची सेवा करत. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. पोरगं वाचलं. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शाळा काढणारी सावित्री आपल्याला ठाऊक आहे. पण सेवा करता करता त्याच रोगाने गेलेली बाई म्हणूनही तिची आठवण ठेवायला हवी.

मग आला १९१८ चा इन्फ्लुएंझा. म्हाताऱ्या माणसांकडून ‘मानमोडी’ हे नाव कोणी ऐकलं असेल. आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात होता. जन्म-मृत्यूची नोंद गावचा पाटील ठेवायचा. कशाने गेलं, तर ‘तापाने’. हिवतापही ताप, इन्फ्लुएंझाही ताप. माणसं इतक्या झपाट्याने जात होती की कोण कशाने गेलं, हे सांगायला डॉक्टर नव्हता. हिंदुस्थानात सव्वा ते पावणेदोन कोटी माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. नक्की आकडा आजही नाही. १९२१ ची शिरगणती झाली तेव्हा दहा वर्षांपूर्वीपेक्षा देशात माणसं कमी भरली. त्या साथीत पुरुषांपेक्षा बाया जास्त गेल्या. घरात आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, ते आपल्याला माहीत आहे.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले कोरोना रुग्ण सापडले. १३ मार्चला सरकारने जो कायदा लागू केला तो तोच १८९७ चा साथरोग कायदा. महिना संपायच्या आत बुलडाणा शहरात पहिला मृत्यू झाला. माणूस दगावल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला. तेव्हा स्वॅब जिल्ह्याबाहेर पाठवावे लागत.

कायदा जुना असला तरी दारात आलेलं माणूस वेगळं होतं. १८९७ मध्ये शिपाई आला होता. २०२० मध्ये गावातलीच सून आली. मुंबई-पुण्याहून कोण परत आलं, कोणाला खोकला आहे, शाळेत विलगीकरणात कोण आहे, हे तिने लिहून घेतलं. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा घरोघर ताप आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायला गेलेल्या पथकांत याच बाया होत्या. काही घरांनी दार लावून घेतलं, कोणी शिव्या दिल्या. तरी बहुतेकांनी खरं सांगितलं, कारण विचारणारी ओळखीची होती. गेल्या वर्षी तिनेच आपल्या सुनेला बाळंतपणाला दवाखान्यात नेलं होतं.

पण मैत्रिणींनो, नुसत्या स्वॅबवरून पूर्ण चित्र कळत नाही. स्वॅब सांगतो की विषाणू आज अंगात आहे की नाही. ज्यांना आजार जाणवलाच नाही, किंवा जे तपासायला गेलेच नाहीत, त्यांचं काय? इथे रक्ताची दुसरी तपासणी कामाला आली. सकाळी शेतात गेलं की रानडुकराचे माग दिसतात. डुक्कर निघून गेलेलं असतं, पण येऊन गेलं हे मागावरून कळतं. तसंच विषाणू येऊन गेला की रक्तात प्रतिपिंडं राहतात. ती शोधायचा संच पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये तयार केला.

मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशभर पाहणी केली. सगळ्यांचं रक्त कसं घेणार? शितावरून भाताची परीक्षा करतात, तसंच केलं. पण शित एकाच बाजूचं घेऊन चालत नाही, तळातलंही बघावं लागतं. म्हणून २१ राज्यांतले ७० जिल्हे निवडले. प्रत्येक जिल्ह्यात दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी ४० माणसं, असे २८,००० जण. महाराष्ट्रातून बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि आपल्या शेजारचा जळगाव असे सहा जिल्हे होते. बुलडाणा त्यात नव्हता, पण जळगावच्या खेड्यांचं जिणं आपल्यापासून फार लांबचं नाही.

पहिल्या फेरीत, मे-जून २०२० मध्ये, शंभरात एकाच्याही अंगात खूण सापडली नाही. आकडा होता ०.७३ टक्के. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दहा वर्षांवरच्यांत, ६.६ टक्के, म्हणजे पंधरात एक. त्या वेळी एक रुग्ण नोंदला जाई तेव्हा खरे २६ ते ३२ जण बाधित झालेले असत. डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ च्या फेरीत २१.४ टक्के. खेड्यांत १९.१ टक्के, शहरी झोपडपट्टीत ३१.७ टक्के. ‘आमच्या गावात कोरोना नाही’ असं छाती ठोकून सांगणाऱ्या कितीतरी गावांत तो पाचातल्या एकाला येऊन गेला होता.

याच तिसऱ्या फेरीत आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त वेगळं तपासलं गेलं. प्रत्येक जिल्ह्यातून साधारण शंभर, मिळून ७,१७१ जण. त्यांच्यात २५.७ टक्के. डॉक्टर आणि परिचारिकांत २६.६ टक्के, तर गावात फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांत सुमारे २५ टक्के. या आकड्यावर जरा थांबा. दवाखान्यात थेट रोग्यासमोर उभ्या असलेल्यांना आणि उन्हात दारोदार फिरणाऱ्यांना जवळजवळ सारखीच लागण झाली होती. फिरणाऱ्यांना धोका कमी, असं कोणी म्हटलं तर हा आकडा पुढे ठेवा. २०२१ च्या जून-जुलैमध्ये चौथी फेरी झाली. तेव्हा लोकांत ६७.६ आणि आरोग्य कर्मचाऱ्यांत ८५.२ टक्के असे आकडे आले. मात्र तोवर १६ जानेवारीपासून कर्मचाऱ्यांना लस मिळू लागली होती, म्हणून त्यात लसीच्याही खुणा आहेत.

म्हणजे मोजणारीला मोजलं, पण साथ येऊन नऊ-दहा महिने झाल्यावर. तोवर आशाताईला कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये होते. दिवसाला ३३ रुपये पडतात. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा महिन्याला १,००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता कबूल झाला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा गौरव केला. गौरव चांगलाच. पण त्याने घर चालत नाही.

मोजलं जाणं का महत्त्वाचं, ते सांगते. मार्च २०२० मध्ये सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर केला. त्यात आशाही होत्या. कोविडने मृत्यू झाला तर दाव्यासोबत तपासणीचा पॉझिटिव्ह अहवाल लागत होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना ५०,००० रुपये मिळू लागले, तिथेही कागद आलाच. ज्या बाईचा नवरा तपासणी न होताच घरी गेला, तिचं दुःख तेवढंच होतं. पण कागदावर ते दाखवायला तिला किती उंबरे झिजवावे लागले! १९१८ मध्ये ‘तापाने’ एवढंच लिहिलं गेलं, तशातलाच हा प्रकार.

म्हणून तीन गोष्टी गटाच्या पुढच्या बैठकीत बोला. एक, घरात मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा आणि डॉक्टरांनी कारण लिहून दिलं असेल तर तो कागद जपा. दोन, तपासणीचे अहवाल चुलीजवळच्या फडताळात नको, बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा. तीन, पुढच्या वेळी कुठलीही साथ आली, डेंग्यू असो की आणखी काही, तर गटाने आरोग्य केंद्रात जाऊन विचारा: आमच्या आशाताईची तपासणी कधी झाली? तिला मास्क, हातमोजे मिळाले का? तिला ताप आला तर तिच्या जागी कोण फिरणार?

ती आपल्या दारात येऊन रोज विचारते, ‘घरात कोणी आजारी आहे का?’ पुढच्या वेळी ती आली की तिला आधी पाणी द्या, बसवा आणि तोच प्रश्न तिला विचारा.