कुठवर पोचलं?

ब्राउझरमधून फाइल पाठवायची सोय वेबला जन्मापासून नव्हती. नोव्हेंबर 1995मध्ये झेरॉक्समधल्या अर्नेस्टो नेबेल आणि लॅरी मॅसिंटर यांनी आरएफसी 1867 हा प्रायोगिक प्रस्ताव मांडला. त्याआधीच्या फॉर्ममधून मजकूर ठीक जाई. चित्र पाठवायचं तर त्यातले बहुतेक बाइट तीन-तीन अक्षरांत लिहावे लागले असते. नव्या पद्धतीत फाइल आहे तशीच, दोन्ही टोकांना खुणेच्या ओळी लावून रवाना होऊ लागली.

मी दिवाळी अंकांची पानं लावते. पूर्वी तयार अंक सीडीवर घालून छापखान्यात जायचा. पुढे पीडीएफ ब्राउझरमधून जाऊ लागली आणि ऐन घाईत वीज गेली की राउटर बंद पडून सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागे. म्हणून या इतिहासात मला एकच प्रश्न मोलाचा वाटतो: जोडणी तुटली तेव्हा फाइल कुठवर पोचली होती, हे कोणाला ठाऊक असतं?

1995च्या पद्धतीत त्याची नोंद ठेवायची तरतूदच नव्हती. अख्खी फाइल एका विनंतीत जायची. ती पुरी झाली तर झाली. सर्व्हरही मोठ्या फाइलींना बिचकून असत. पीएचपी या भाषेची मूळ मर्यादा 2 एमबी, एनजिनएक्स या सर्व्हरची 1 एमबी. एनजिनएक्सची मर्यादा ओलांडलीत की 413 क्रमांकाचा नकार. किती टक्के गेलं हे पानावर दाखवायलाही वेबवाल्यांना बराच काळ फ्लॅश या प्लगइनची मदत घ्यावी लागली.

वाट मोकळी झाली ती फाइल कापता येऊ लागल्यावर. 2009च्या नोव्हेंबरात वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या फाइल एपीआयचा पहिला मसुदा आला. हळूहळू ब्राउझर फाइलचा हवा तेवढाच भाग उचलू लागले. वर्षभराने ॲमेझॉनच्या एस-थ्री साठवणीत तुकड्यांनी फाइल चढवायची सोय झाली: शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा किमान 5 एमबीचा, आणि तुकडे जास्तीत जास्त 10,000. एखादा अडकला तर तेवढाच परत पाठवायचा.

माझ्या प्रश्नाला थेट उत्तर दिलं ते टस या खुल्या प्रोटोकॉलने. त्याची 1.0 आवृत्ती 2016ची. जोडणी परत आली की ब्राउझर आधी सर्व्हरला विचारतो, किती मिळालं? सर्व्हर बाइटचा आकडा सांगतो आणि ब्राउझर त्याच्या पुढचं पाठवू लागतो.

ही विचारपूस मला या साऱ्या प्रवासातली सर्वांत माणुसकीची गोष्ट वाटते. शहरातल्या फायबरवर तिची गरज क्वचित भासते. तालुक्याच्या गावी, मोबाइलच्या एका दांडीवर प्रवेशअर्जाची कागदपत्रं चढवणाऱ्या मुलीचं मात्र तिच्यावाचून अडतं. अपलोडचं पान बांधणाऱ्याने तुटणारी जोडणी गृहीत धरूनच कामाला लागावं. साधनं तयार आहेत. त्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावण्याचं कारण आता उरलेलं नाही.