'ब्रह्मचारी': व्रत आणि विनोद

'ब्रह्मचारी' (१९३८) हा चित्रपट आज बहुधा मीनाक्षी शिरोडकर यांच्या पोहण्याच्या पोशाखापुरताच आठवला जातो. आम्हांला हे त्यावर अन्यायाचे वाटते. हंस पिक्चर्सच्या या चित्रपटाचे लेखक आचार्य अत्रे. दिग्दर्शक व नायक मास्टर विनायक. देशभक्त जटाशंकरांचे व्याख्यान ऐकून औदुंबर आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतो, जमवलेली नटनट्यांची चित्रे टाकून देतो आणि आचार्य चंडीरामांच्या संस्थेत दाखल होतो. तेथे किशोरी येते आणि व्रत डळमळते.

१९३७ साली मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते. त्याग, सेवा, संयम हे शब्द सार्वजनिक जीवनात प्रतिष्ठा पावले होते. अत्र्यांनी देशप्रेमाची थट्टा केली असे आम्ही मानत नाही. राष्ट्र उभारायचे तर आधी माणसाने प्रेमाला पाठ फिरवली पाहिजे, हे गृहीतक त्यांनी हास्यास्पद ठरवले. १९३९ साली 'ब्रँडीची बाटली'मध्ये याच जोडीने दारूबंदीचा विषय विनोदात आणला.

क्रांतीच्या भाषेला हसू सोसवते का, हा प्रश्न वर्गात विचारायचा असेल, तर आरंभ औदुंबराने ऐकलेल्या त्या व्याख्यानापासून करावा.