जोडीनं पैठणला

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आपल्याकडं नवरा-बायको जोडीनं घराबाहेर कधी पडतात, याचा एकदा हिशोब मांडून बघा. लग्न झालं की जेजुरी. मग कुणाचं लग्न, कुणाचा दहावा, दवाखाना, तहसील कचेरी. हातपाय थकले की पंढरपूर. यातलं एकही जाणं ‘चला, दोन दिवस कुठंतरी बघून येऊ’ म्हणून नसतं. शहरातली जोडपी शनिवार-रविवार धरून फिरायला जातात, त्यांना आपण हसतो. पण हसताना मनात थोडा हेवाही असतो, खरं ना?

यंदा कांदा काढून झाल्यावर आम्ही दोघं दोन दिवसांसाठी पैठणला गेलो. गंगेच्या काठचं जुनं शहर. तिथले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. आपली घोडनदी आणि भीमा पुढं कृष्णेला मिळतात, गोदावरीचं खोरं वेगळं. शिरूरहून अहिल्यानगर आणि तिथून शेवगावमार्गे पैठण. दौंडच्या मैत्रिणींना नगरपर्यंत रेल्वे आहे. एसटीत २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट, म्हणजे माझं अर्धं आणि आमच्या ह्यांचं पूर्ण. “बघा, तुमच्यापेक्षा मी निम्म्यात फिरते,” असं मी म्हटलं, तर पुढच्या सीटवरच्या आजी हसायला लागल्या.

पण आज मला सहलीपेक्षा त्या गावाच्या इतिहासाविषयी बोलायचंय. आणि इतिहासातही एकाच गोष्टीविषयी, नावाविषयी. बाईचं नाव कुठं लिहिलं गेलं, कुठं राहून गेलं.

पैठणचं जुनं नाव प्रतिष्ठान. दोन हजार वर्षांपूर्वी ही सातवाहन राजांची राजधानी होती. त्या काळात समुद्रानं भारतात व्यापाराला येणाऱ्या एका ग्रीक माणसानं बंदरांची आणि बाजारपेठांची माहिती लिहून ठेवली आहे, त्यात पैठणचं नाव आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर हे शहर आहे आणि तिथून गाड्या भरभरून अकीकासारखे दगड येतात, असं तो सांगतो. तिथून आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिकडचं सुती कापड परदेशी जायचं.

पैठणचा माल कोकणातल्या बंदरांकडं उतरायचा तो जुन्नरवरून, नाणेघाटातून. म्हणजे बैलांचे तांडे आपल्याच पुणे जिल्ह्यातून चालत होते. नाणेघाटाच्या मुलखात, कुकडेश्वराजवळ, कुकडी नदी उगम पावते. ती निघोजवरून खाली येऊन आपल्या घोडनदीला मिळते. तेव्हा पैठण आपल्याला वाटतं तितकं परकं नाही.

त्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणं आहे. भिंतीवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलाय. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीच्या पणजीची बहीण म्हणा. हा लेख नागनिका राणीचा, असं अभ्यासक मानतात. तिलाच नायनिकाही म्हणतात. ती एका महारठी सरदाराची मुलगी आणि सातकर्णी राजाची बायको. दोघांनी मिळून केलेले यज्ञ आणि त्यात दिलेली दक्षिणा, गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सगळं आकड्यांनिशी लिहिलंय. भारतात आकडे कोरलेले जे अगदी जुने लेख सापडतात, त्यांत हा मोजला जातो. म्हणजे बचत गटाच्या वहीसारखा चोख हिशोब, फक्त दगडावर! नवरा गेल्यावर तिनं लहान मुलाच्या वतीनं कारभार पाहिला, असं इतिहासकार सांगतात. महिना महिना उपास करणारी, घरात राहूनही तपस्विनीसारखी जगणारी, असं तिचं वर्णन त्या लेखात आहे. विधवा बाई, आणि राज्याचा हिशोब तिच्या लेखात. हे मला फार मोठं वाटतं.

त्याच लेण्यात राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. त्यात एका जागी जोडीचं नाव आहे: देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. आधी राणीचं, मग राजाचं. मी हे एसटीत सांगितलं तर हे म्हणाले, “अगं, तिचं नाव आधी कसं काय?” मी म्हटलं, “लेख तिचाच असेल तर तिचंच आधी येणार.” दोघांची नावं असलेलं चांदीचं नाणंही जुन्नरच्या बाजूला सापडलंय. नवरा-बायकोचं नाव एकाच नाण्यावर, आणि तेही दोन हजार वर्षांपूर्वी.

पुढचे सातवाहन राजे तर स्वतःच्या नावाआधी आईचं नाव लावत. गौतमीपुत्र सातकर्णी म्हणजे गौतमीचा मुलगा. वासिष्ठीपुत्र पुळुमावी म्हणजे वासिष्ठीचा मुलगा. गौतमी बलश्री ही म्हातारी राजमाता. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, तिनं नाशिकच्या पांडवलेण्यातलं एक लेणं भिक्खूंना दान दिलं आणि तिथं मोठा लेख कोरून घेतला. त्यात मुलाचं कौतुक आहे. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, तो न्यायानं कर घ्यायचा, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी व्हायचा. आणि तो आईची अखंड सेवा करायचा, हेही ती विसरली नाही! आई ती आईच.

एक सांगून ठेवते. आईचं नाव लावलं म्हणून राज्य बायांचं होतं असं कुणी समजू नका. गादी मुलाकडंच जायची. पण नाव लपवलं जात नव्हतं. आपल्या राज्यात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असा नियम झाला, तेव्हा पारावर बरीच कुजबुज झाली होती, ‘हे काय नवीनच’ म्हणून. नवीन कुठलं? पैठणच्या राजांचा रिवाज आहे.

याच सातवाहनांपैकी हाल नावाच्या राजानं गाथासप्तशती नावाचा सातशे गाथांचा संग्रह केला असं मानतात. त्यात राजे फार थोडे, गावची माणसंच जास्त: शेतावरची जोडपी, कापूस वेचणारी, सासुरवाशीण, रुसलेली बायको, परगावी गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी, आणि अधूनमधून गोदावरीचा काठ. काही गाथांच्या कर्त्या म्हणून रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायांची नावं परंपरेनं सांगितली जातात. हा भाग मी ह्यांना संध्याकाळी घाटावर बसून सांगितला. ऐकून हे थोडे लाजले.

लॉजवर उतरलो तेव्हाची एक गंमत. रजिस्टरात ह्यांचं पूर्ण नाव, गाव, मोबाईल नंबर लिहिला आणि पुढं लिहिलं ‘+१’. मी नागनिकेच्या गावात आलेली, आणि माझं नाव ‘अधिक एक’! आधार कार्ड माझंही घेतलं होतं बरं का. मी म्हटलं, भाऊ, माझं नाव लिहा. त्यानं लिहिलं. त्रास काहीच झाला नाही, फक्त म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी घाट, तीर्थखांब आणि नाथांचा वाडा पाहिला. पैठणच्या जवळच आपेगाव, ज्ञानेश्वरांच्या वडिलांचं, विठ्ठलपंतांचं गाव. त्यांची बायको रुक्मिणी आळंदीची. परंपरेनं आलेली कथा तुम्हाला ठाऊक आहे. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले. इकडं रुक्मिणी एकटी. गुरूंना खरी हकीकत कळल्यावर त्यांनी विठ्ठलपंतांना संसारात परत पाठवलं. मग चार मुलं झाली. पण संन्याशाची मुलं म्हणून घर वाळीत पडलं, आणि आईबापांना प्रायश्चित्त म्हणून देह सोडावा लागला. पोरकी भावंडं शुद्धिपत्र मागायला आली ती याच पैठणच्या पंडितांकडं. रेड्यानं वेद म्हटले ही कथा इथलीच.

आपण रेड्याची गोष्ट सांगतो, चमत्काराला हात जोडतो. मी घाटावर उभी राहून रुक्मिणीचा विचार करत होते. घर सोडलं नवऱ्यानं, परत बोलावलं गुरूंनी, शिक्षा ठरवली पंडितांनी. या सगळ्यात तिला कुणी काही विचारलं असेल का? एका राणीचं नाव दगडावर राजाच्या आधी कोरलं गेलं, आणि बाराशे-तेराशे वर्षांनी पंडितांच्या निवाड्यात एक बाई नुसतीच ‘सोबत’ होती. काळ पुढं गेला म्हणजे बाईही पुढं जातेच असं नाही.

त्यानंतरचे एकनाथ महाराज, सोळाव्या शतकातले. त्यांच्या वाड्यात रांजण आहे, ज्यात श्रीखंड्याच्या रूपात देवानं पाणी भरलं असं सांगतात. फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथषष्ठीला, तो रांजण भरायला मोठी गर्दी होते. नाथांची बायको गिरिजाबाई. श्राद्धाचा स्वयंपाक नाथांनी दारातल्या भुकेल्या, शिवाशिव पाळून लांब ठेवलेल्या माणसांना वाढला, ही कथा कीर्तनात ऐकतो. नाथांची थोरवी आहेच. पण ब्राह्मणांसाठी तो सगळा स्वयंपाक पुन्हा रांधला कुणी? गिरिजाबाईनं. आणि कपाळाला आठी न घालता, असं कथाच सांगते. चुलीपुढं बसलेल्या बाईलाच त्या दुसऱ्या स्वयंपाकाची किंमत कळेल.

मग पैठणी. ती न बघता परत आले असते तर जावेनं घरात घेतलं नसतं. घेतली नाही, पण मागावर विणताना तासभर बघितली. पैठणीच्या काठपदराची नक्षी भरतकामाची नाही. रंगीत रेशमाचा एकेक धागा हातानं जरीत गुंतवत विणत जातात, म्हणून उलट-सुलट दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. साध्या काठाच्या साडीला महिना-दीड महिना आणि भरगच्च पदराला वर्षसुद्धा लागतं. नारळी काठ, आसावली, मुनिया म्हणजे पोपट, बांगडी-मोर. पेशव्यांनी या विणकरांना आश्रय दिला. पण मागामागची गोष्ट ऐका. रेशीम उकलायचं, कांड्या भरायच्या, धागे जोडायचे, ही कामं पिढ्यान्‌पिढ्या घरच्या बायांनी केली. विणकर म्हणून ओळख मिळाली ती मागावर बसणाऱ्याला. आता तिथं बायाही मागावर बसतात. मी पाहिलं ते हात बाईचेच होते.

परत निघायच्या आधी धरणावर गेलो. जायकवाडी. पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधींनी. मातीचा बांध सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७. पाणी समुद्रासारखं दिसतं, म्हणूनच नाथसागर. हे पाणी बघून ह्यांना शेत आठवलं, मला पाण्याखालची गावं. उजनीच्या फुगवट्यानं दौंड-इंदापूरच्या लोकांवर काय वेळ आली, ते आपण जाणतो. धरणात जमीन जाते तेव्हा भरपाई सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला मिळते. शेण-खुरपणीत जन्म गेलेली बाई तिथं पुन्हा ‘+१’.

म्हणून हे कागदाचं सांगते. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून. पुढं १९९२ मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं की नवऱ्यानं अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावावं. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दोघांच्या नावानं होते. दोन्हीला अर्ज लागतो, आणि जमिनीचा अर्ज नवऱ्यानंच करावा लागतो. आमच्या घरी तो विषय परतीच्या एसटीत निघाला. शेवगाव ते नगर तोच चालला होता. नमुना आठवर नाव लागलंय. सातबाऱ्याचं बोलणं अजून दिरांपर्यंत पोचायचंय.

पैठण लांब वाटत असेल तर नाणेघाट आपल्याच जिल्ह्यात आहे. जुन्नरहून घाटघरच्या वाटेनं जायचं. थंडीत जा, पावसाळ्यात तिथं धुकं आणि निसरडं फार. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा व्हायची असं सांगतात. लेण्यात पुतळे आता उरले नाहीत, फक्त पावलं दिसतात. वर नायनिका आणि सातकर्णी ही नावं आहेत. ब्राह्मी अक्षरं आपल्याला वाचता येत नाहीत, पण कुठल्या जागेवर आहेत ते जुन्नरचा कुणीही जाणता माणूस दाखवतो.