मधुमेह, मेद आणि हृदय

मधुमेह म्हणजे केवळ साखरेचा विकार, ही समजूत फार जुनी आहे. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला, तेव्हा या रोगाचे मर्मच हाती आले असे जगास वाटले. परंतु मधुमेहाच्या मूर्च्छेतून जे रोगी वाचले, त्यांपैकी पुष्कळांना पुढे हृदयविकाराने गाठले. साखरेच्या आड दुसरा वैरी दडून बसला होता. तो म्हणजे रक्तातील मेद.

रशियन शास्त्रज्ञ अनिचकोव्ह यांनी १९१३ सालीच सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचतात, हे दाखविले होते. त्यावर उतारा सापडण्यास मात्र साठ वर्षे लोटली. जपानातील अकिरा एंडो यांनी सुमारे ६,००० बुरशींची परीक्षा केली आणि १९७३ साली, क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातील तांदळावर वाढलेल्या बुरशीत, त्यांना इष्ट द्रव्य गवसले. यकृतात कोलेस्टेरॉल घडविणाऱ्या एन्झाइमला ते आवर घालते. मग यकृत आपली गरज भागविण्यासाठी रक्तातील कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेते. याच कुळातील लोव्हास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

मधुमेह्यांना याचा लाभ किती, याचा निर्वाळा २००४ साली ब्रिटन व आयर्लंडमधील एका प्रयोगाने दिला. पूर्वी हृदयविकार न झालेल्या आणि कोलेस्टेरॉल फारसे न चढलेल्या २,८३८ मधुमेह्यांपैकी काहींना रोज १० मिलिग्रॅम ॲटोर्व्हास्टॅटिन व इतरांना निर्गुण गोळी देण्यात आली. औषध घेणाऱ्यांत हृदयाघात, पक्षाघात आदी संकटे ३७ टक्क्यांनी घटली, आणि प्रयोग मुदतीच्या सुमारे दोन वर्षे आधीच थांबविण्यात आला.

त्याच वर्षी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. परंतु युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के निघाला! सडपातळ दिसणारा भारतीय देह आत मेद साठवून असतो, हे यावरून उघड झाले.

म्हणूनच कांजूरमार्गासारख्या उपनगरात राहून रोज लोकलने धावपळ करणाऱ्या शिडशिडीत मधुमेह्याने आपल्या बांध्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. या औषधांनी साखर किंचित वाढू शकते, हे खरे. तथापि हृदयाला मिळणारे संरक्षण त्याहून बहुधा मोलाचे ठरते. ती घ्यावीत किंवा सोडावीत, हे मात्र वैद्यांच्या सल्ल्यानेच ठरवावे. आणि मिताहार व व्यायाम यांची जागा गोळीस कधीही देऊ नये.